वाढत्या अंगाचा

झगा वाढत्या अंगाचा शिव, म्हणाले.
म्हणजे खाली चार बोटं दुमड,
खांद्यावर दोन चुण्या,
आणि टाका असा, की पुढल्या वर्षी
उसवताना कापडाला कळू नये.

मी थल्लूसा. पॅलाटाइन टेकडीवर
कपड्यांच्या खोलीत एकतीस वर्षं.
तीन सम्राटांची उंची माझ्या सुतळीत
गाठी होऊन आहे.
चौथी गाठ मारली ती तिघांच्याही पार खाली,
टोकाशी, जिथे सुतळीचे धागे सुटायला लागतात.

लार्तियस. वय वर्षं सात.
बाप सरहद्दीवर तापाने गेला
(तापानेच, असं सांगायचं ठरलं)
आणि सैन्याला कुणीतरी हवंच होतं
ज्याच्या नावाने पगार वाटता येईल.

रंग तायर बंदरातून आला.
लोकांना वाटतं जांभळ्याला ऐश्वर्याचा वास असतो.
त्याला सडक्या गोगलगायींचा वास असतो,
धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊनही.
पोराने नाक मुरडलं, "हाच घालायचा?"
आईने त्याच्याकडे पाहिलं नाही.
माझ्या टाक्यांकडे पाहिलं.

आणि नेमका त्याच सकाळी त्याचा पुढचा दात पडला.
बाहेर रक्षकदल ढालींवर भाले आपटतंय,
आत हा मूठ आवळून उभा.
"जमिनीला लागू द्यायचा नाही,
दाई म्हणाली, नाहीतर गुण जातो."
सिनेटचे म्हातारे अजिजीने म्हणाले,
महाराज, मूठ उघडा, राजदंड धरायचाय.
मी गुडघ्यांवर होते, ओठांत हाडाच्या टाचण्या.
दुमडीचे तीन टाके उसवले,
दात आत सरकवला, पुन्हा तुरपलं.
तो हसला. खिंडार दिसलं.
मग त्याला बाहेर नेलं, आणि हजारो माणसांनी
ओरडून ओरडून त्याला दीर्घायुष्य दिलं.

नाण्यावर तो थोराड दिसायचा,
मानेवर शीर, हनुवटी बापाची.
कोरणाऱ्याने त्याला पाहिलंच नव्हतं.
इथे तो अक्रोड रचायचा, तीन खाली, एक वर,
आणि लांबून पाचवा मारून पाडायचा.
शिक्का उमटवायला बोलावलं की म्हणायचा,
थांबा, एकच डाव.

चौदा महिने. उंची वाढली दीड बोट.
सुतळी दोनदा लावली, टाका काढला नाही.
चार बोटं आत तशीच राहिली,
ऊन न लागलेली, रंगाने ताजी.

त्या रात्रीचं मला काही माहीत नाही.
कपड्यांच्या खोलीला खिडकी नाही.
सकाळी झगा आला, घडी घालून.
घडी नीट होती. मला त्याचीच भीती वाटली.
उजव्या कडेला मिठाच्या पाण्याचं काम होतं, ते केलं.
दुपारभर कुणी दगडांवरून त्याचं नाव
छिन्नीने काढत होतं.
आमच्या यादीत एवढंच: झगा, जांभळा, लहान, एक.

नवा सम्राट रुंद आहे,
असले दोन जोडले तरी पुरायचा नाही.
पण त्याला मुलगा आहे,
आणि मुलाला सणाच्या आत वारस म्हणून उभं करायचंय.
रंग महाग, आहे तोच काढ, म्हणाले.
आणि दुमड राहू दे. वाढतं अंग आहे.

पोरगं चौरंगावर उभं, सारखी चुळबुळ.
वाकून कडेला बोट लावलं,
"इथे काहीतरी कडक लागतंय."
शिंपल्याचा कण असेल, मी म्हटलं,
रंगाबरोबर येतो कधी कधी.
"काढ ना."
काढू की. पुढल्या वर्षी, खाली सोडू तेव्हा.

त्याला पटलं.
जिभेने तो पुढचा एक दात
हलवत होता.